येथे मोबाईल चार्ज करू नयेत

किंक्रांत. सकाळ, अंगणात ऊन आलेलं.

हजर: आई, पडवीतल्या खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी. मी, वही घेऊन. धाकटा भाऊ, आईला न्यायला पुण्याहून गाडी घेऊन आलेला. खालच्या घरातल्या काकी, हातात तिळगुळाची वाटी. काकींची शेळी.

गैरहजर: बाकी सगळी वाडी. कारण: मी.

भोरच्या एका शाळेच्या कार्यालयात मी इतकी वर्षं काढली आहेत की चार माणसं एका जागी दिसली की माझा हात आपोआप हजेरी मांडायला लागतो. मुदतीआधी निवृत्ती घेऊन आईजवळ राहायला आले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळे म्हणाले होते, आता शाळेचं कसं होणार. शाळेचं उत्तम चाललं आहे असं ऐकते.

तर त्या दिवशी विषय एकच होता. आईने या घरात राहायचं, की भावाबरोबर पुण्याला जायचं.

आईची फुप्फुसं चुलीच्या धुराने गेली. पावसाळ्यात तिला धाप लागली ती थांबेना, म्हणून पुण्याला दवाखान्यात ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजन कायमचा. दिवसाचा बराच वेळ आणि रात्रभर. त्यासाठी एक यंत्र मिळतं, साधारण घरातल्या पिंपाएवढं. ते आपल्या आजूबाजूची हवा ओढून घेतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देतं. सिलिंडर सारखे भरून आणावे लागत नाहीत. फक्त वीज लागते.

आमच्याकडे वीज नाही. वेल्ह्याला एसटीतून उतरायचं, पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून चढ. विजेचे खांब ओढ्यापर्यंत आलेले आहेत. ओढ्याच्या अलीकडे का थांबले, याचं उत्तर दर वेळी नवं मिळतं.

भाऊ तिथे दवाखान्यातच बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या फ्लॅटमध्ये वीज आहे, लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे.

"पडवी हाय का तितं?" आईने विचारलं.

"बाल्कनी आहे की."

"मंग तू बस तितं."

आणि मग ती मला एकटीला म्हणाली, "मला तिकडं न्यू नगं. तिकडं गेले तर परत यायची न्हाई मी. मला ठाव हाय." आईला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही ती रडली नाही. फक्त माझं मनगट धरून ठेवलं. दवाखान्यातलं बिल भरायचं राहिलं होतं तरी मला उठता येईना.

मी भावाला सांगितलं, व्यवस्था मी करते. व्यवस्था हा माझा आवडता शब्द आहे.

व्यवस्था खरोखर नामी झाली. सोलरचे पत्रे, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं जीपच्या टपावरून आलं आणि पुढे माणसांच्या डोक्यावरून. घराच्या छपरावर फणसाची सावली, म्हणून पत्रे अंगणात लोखंडी घोड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवले. वेळप्रसंगाला म्हणून एक ऑक्सिजनचा सिलिंडरही आणला. दोघांनी तो बांबूला बांधून खांद्यावरून वर आणला, तेव्हा काकी वाटेवर आडव्या येऊन म्हणाल्या, "ग्यास आला का? शेगडी कुटाय?"

मग मी नियम केले. ऑक्सिजनजवळ विस्तव चालत नाही, म्हणून चूल घराच्या मागे गेली. उदबत्ती बंद. देवापुढचा दिवा अंगणातल्या तुळशीपाशी गेला. आईची नळी लांब होती, पण पडवीच्या कडेपर्यंतच पुरायची, तुळशीपर्यंत नाही. त्यामुळे दिवा मी लावायचा आणि वात वाकडी आहे हे आईने खाटेवरून सांगायचं, अशी कामाची वाटणी झाली.

"म्हशीवानी दाव्याला बांधलीया मला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला नळी उचलून दाखवायची. पण हे ती हसून सांगायची. त्या दिवसांत येणारेजाणारे होते.

कारण आमचं घर हे वाडीतलं वीज असलेलं एकमेव घर झालं होतं. आधी लोक मोबाईल वेल्ह्याला चहाच्या टपरीवर चार्ज करून आणायचे, नाहीतर जीपवाल्याकडे द्यायचे. आता सगळे आमच्याकडे येऊ लागले. पण नुसता मोबाईल घेऊन कुणी येत नाही, तसं बरं दिसत नाही. लोक आईला भेटायला यायचे. अंगणात चप्पल काढायची, खाटेच्या कडेला टेकायचं, "आक्का, कसं वाटतंय आता?" म्हणायचं, आणि बोलता बोलता चोळीतून मोबाईल काढून माझ्याकडे बघायचं. मोबाईल लावला की तो भरेपर्यंत माणूस हलत नसे. तेवढ्यात वाडीतल्या सगळ्या बातम्या व्हायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या वालाला कीड लागली, भोरला कुणी जागा घेतली आणि कशातून घेतली. काकींचा मोबाईल सगळ्यांत जुना. तो भरता भरेना, म्हणून त्या सगळ्यांत जास्त वेळ बसायच्या.

"तिचा फोन लई म्हातारा हाय," आई समाधानाने म्हणायची, "बरं हाय."

दिवाळीनंतर सलग ढग आले. आणि एका संध्याकाळी इन्व्हर्टर ओरडला, त्यामागोमाग यंत्र ओरडलं. वीज गेली की ते एका सुरात किंचाळतं, कोंबड्यासुद्धा खुराड्यातून बाहेर येतात. मी आईची नळी सिलिंडरला जोडली. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं, कुठे काही चुकलं नाही, आणि तरी घाईत सिलिंडरची किल्ली माझ्याकडून उलटीच लागत राहिली. आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "सावकाश कर. म्या कुटं पळून चाललीया?"

दुसऱ्या दिवशी मी गुन्हेगार शोधायला बसले. शाळेत टाकीतलं पाणी संपलं तरी ते कुणी संपवलं हे मी आधी शोधायची, नळ नंतर. फार शोधावं लागलं नाही. प्लगच्या पट्टीभोवती मोबाईल असे जमले होते जशी कोंबडीभोवती पिल्लं. दर पिलाच्या चोचीत आईचा ऑक्सिजन चालला आहे असं मला दिसायला लागलं. एक मोबाईल किती वीज खातो हे मोजायचं मला सुचलं नाही. मी, जी लग्नात पंगतींची पानं मोजते.

मी प्लायवूडची फळी आणवली. पांढरा रंग, त्यावर निळी अक्षरं, वाटेच्या वळणावरूनही वाचता यावीत एवढी मोठी.

सूचना. येथे मोबाईल चार्ज करू नयेत. वीज रुग्णासाठी राखीव आहे. आदेशावरून.

ती खांबावर ठोकून अंगणाच्या तोंडाशी रोवली, वाट वर येते तिथे, सोलरच्या पत्र्यांच्या बरोबर पुढे. पाटी कशी, आल्या आल्या डोळ्यांत भरली पाहिजे.

काकी आल्या, उभ्या राहिल्या, नातवाने शिकवलेली अक्षरं एकेक जुळवत सगळं वाचलं.

"आदेश कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"अगं, कलेक्टर ऱ्हायला आल्यात आमच्यात," आई पडवीतून म्हणाली. "ये तू. बस."

पण काकी बसल्या नाहीत. "असूं दे आक्का, तुमी इसावा घ्या," असं एकदम हळू आवाजात म्हणाल्या आणि मागे फिरल्या. तो हळू आवाज मला तेव्हा फार आवडला. शिस्त लागते आहे असं वाटलं.

पुढे कळलं ते असं. लोकांना मोबाईलचं काही वाटलं नव्हतं. पाटीतला 'रुग्ण' त्यांच्या मनात बसला. आक्का आजारी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण अंगणात पाटी लावण्याइतक्या आजारी आहेत हे त्यांना माझ्या निळ्या अक्षरांतून समजलं. अशा माणसाच्या खाटेवर बसून वालाच्या किडीवर काय बोलणार? बायका वाटेवरूनच हात जोडून पुढे जायला लागल्या. एकीने तर पदराने डोळे पुसले. आई खाटेवर बसून तूर निवडत होती.

"ती पाटी काड," आई म्हणाली. "वाट दिसत न्हाई मला. कोन आलं, कोन गेलं."

"आई, वाट तीच आहे. आणि कुणी येत नाहीये."

"तेच म्हनतीया म्या."

आता वाडीतला एकही मोबाईल आमच्याकडे लागत नव्हता. हिशोबाने संध्याकाळी बॅटरी भरून वाहायला हवी होती. पण इन्व्हर्टरवरचा आकडा खाली आला. मग आणखी खाली. थंडी वाढत होती, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, ढगाचा पत्ता नाही, आणि आकडा रोज उतरतोय. मी घाबरले की नियम करते. सोलरमागोमाग आणलेला टीव्ही बंद केला. मिक्सर बंद केला, चटणी पाट्यावर. दिवे कमी केले. माझा स्वतःचा मोबाईल बाजाराला गेले की वेल्ह्यात टपरीवर लावू लागले. तिथे वाडीतल्या सगळ्या बायका आपापले मोबाईल लावून बसलेल्या असत, जोरजोरात हसत, आणि मी आले की गप्प होत. एकजण विचारायची, "आक्का हायत न्हवं?" मी म्हणायची, "आहे. चांगली आहे." त्या मान हलवायच्या, म्हणजे हे असंच सांगायचं असतं, अशी.

सिलिंडर एकदा आणखी वापरावा लागला. मग तो खाली जाऊन भरून पुन्हा वर आला. तो आणणाऱ्या दोघांना या वेळी वाटेत कुणी शेगडी विचारली नाही.

आणि आई बोलेनाशी झाली. खायची, औषध घ्यायची, बोटाला चिमटा लावायला बोट पुढे करायची. चिमटा म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवतो तो. त्याच्यावरचे आकडे उत्तम होते.

"आकडे छान आहेत, आई."

"मंग आकड्यासंगं बोल."

एकदा मी तिला म्हटलं, अगं यंत्र चालू आहे ना, श्वास लागत नाही ना, मग झालं काय? तिने कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. "ह्ये नुसतं घरघर करतं," ती म्हणाली. "कुनाची चहाडी करत न्हाई."

भाऊ रोज फोन करायचा. वाटेच्या वळणावरच्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते, म्हणून मी फोन त्याच्यावर घेऊन आईचं काय ते सांगायची. एकदा त्याने हट्टच धरला, आईशी बोलायचंय. पडवीत रेंजचा एखादा दांडा कधीमधी येतो, तो आला तेव्हा मी फोन आईच्या कानाला धरला. तो विचारत राहिला आणि आई "हं" म्हणत राहिली. शेवटी तो मला म्हणाला, "ताई, हा आईचा आवाज नाहीये. बॅटरीचं कसं आहे, खरं सांग."

मी खरं सांगितलं. खोटं लिहायची मला सवय नाही, सांगायचीही नाही.

"संक्रांतीला येतो," तो म्हणाला. "गाडी घेऊन येतो. तू खूप केलंस, ताई. पण रात्री यंत्र बंद पडलं आणि सिलिंडर संपला तर? चढ उतरून जीपपर्यंत जायला किती वेळ लागतो ते तुलाच माहीत आहे."

माहीत होतं. मी फक्त "ये" म्हणाले.

त्याच आठवड्यात काकींची शेळी सुटून आमच्या अंगणात आली. तिने वालाचा वेल खाल्ला, पाटीच्या खांबाला अंग घासलं, आणि खांब पाटीसकट आडवा झाला. मी बाजाराला गेले होते. परत येऊन पाहते तो पाटी जमिनीवर, शेळी तिच्यावर बसून रवंथ करते आहे, आणि आई किती दिवसांनी पडवीच्या कडेपर्यंत येऊन खाली वाटेकडे बघत बसली आहे.

त्या संध्याकाळी बॅटरी भरली. पूर्ण. मी आकडा दोनदा पाहिला.

हुशार माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी आदल्याच दिवशी नवं वेळापत्रक लावलं होतं. यंत्राची जाळी सकाळी धुवायची, इन्व्हर्टरची धूळ पुसायची, पत्रे ओल्या फडक्याने स्वच्छ करायचे. मी आईला सांगितलं, बघ, वेळापत्रकाचा परिणाम. आई म्हणाली, "व्हय." मी भावालाही कळवलं. तो म्हणाला, बघू.

दुसऱ्या दिवशी मी पाटी परत उभी केली, आणि पुन्हा शेळी येऊ नये म्हणून खांब सिमेंटात गाडला. वाळू ओढ्यावरून आणली, सिमेंटचं पोतं घराच्या कामातून उरलेलं होतं. खोल खड्डा, खाली दगडाची भर, वर सिमेंट, आणि ते नीट धरावं म्हणून रोज पाणी मारलं. शाळेच्या फाटकाचे खांब याच पद्धतीने केले होते, ते अजून हललेले नाहीत.

आकडा पुन्हा उतरला. मी पत्रे दिवसातून दोनदा पुसायला लागले.

संक्रांतीला आईने माझ्याकडून मागच्या चुलीवर तिळाचे लाडू करवून घेतले. पाक कच्चा राहिला हे तिने पडवीतून वासावरून सांगितलं. डबा भरून खाटेशी ठेवला. दिवसभर कुणी आलं नाही. तिने एक लाडू मला दिला, "गोड बोल" म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळी भाऊ चढ चढून आला तेव्हा तो डबा तसाच्या तसा होता. मी बांधाबांधीची यादी केली. नळ्या, औषधं, चिमटा, गरम शाल, तिची कवड्यांची पिशवी. यंत्र खाली कुणी न्यायचं त्या दोघांना निरोपही दिला होता.

म्हणजे किंक्रांतीची सकाळ. हजेरी वर दिली आहे, फक्त काकी आणि शेळी अजून यायच्या होत्या.

"आज जायचं न्हाई," आई म्हणाली. "आज किंक्रांत हाय."

"आई, गाडीला काय कळतंय किंक्रांत?" भाऊ म्हणाला.

"गाडीला न्हाई, मला कळतंय. आजच्या दिशी कुनी घर सोडत न्हाई."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी यादीत तारीख ठरवताना पंचांग पाहिलं नव्हतं. एवढी एक गोष्ट माझ्याकडून सुटलेली, आणि मला तिचा किती आनंद झाला हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तेवढ्यात काकी आल्या. खाली गाडी उभी असल्याचं त्यांना कळलं होतं, आणि शहरातून गाडी आली म्हणजे काय, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. एका हातात तिळगुळाची वाटी, दुसऱ्यात शेळीचं दावं, डोक्यावर शेळीसाठी पाल्याचा भारा, डोळे भरलेले. अंगणात येऊन पाहतात तर आई खाटेवर ताठ बसून मुलाशी भांडते आहे.

"आगं आई गं," काकी म्हणाल्या, "तुमी तर धडधाकट हाय की वो, आक्का!"

"मंग काय मेले समजलीस व्हय? ये, भवाने. लाडू नासायला लागल्यात."

काकींनी शेळी खांबाला बांधली, खांब आता एकदम पक्का होता ना. पाल्याचा भारा शेळीच्या तोंडी लागू नये म्हणून पाटीच्या कोपऱ्याला वर अडकवला, आणि आईच्या खाटेवर जाऊन बसल्या. काय झालं नि काय नाही, दोघी एकदम बोलायला लागल्या.

मी भावाला आत नेऊन इन्व्हर्टर दाखवत होते. त्याच्यावर एक आकडा असतो, आत्ता या क्षणी पत्र्यांतून किती वीज येते आहे त्याचा. मी म्हणत होते, बघ, एवढं लख्ख ऊन, आणि येते आहे एवढीच, म्हणजे पत्र्यांतच दोष असणार, बसवून देणाऱ्याला मी तीनदा निरोप धाडला आहे. बाहेर काड्कन आवाज झाला. काकी ओरडल्या, "ये सटवे!" शेळीने पाल्यासाठी उडी मारली होती, पुढचे पाय पाटीवर, आणि खिळे उपटून पाटी खाली. खांब मात्र तसाच.

भाऊ आकड्याकडेच बघत होता. "ताई," तो म्हणाला, "आत्ता तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?"

आकडा दुपटीच्या वर गेला होता.

आम्ही दोघं बाहेर आलो. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला कललेला, पाटी पत्र्यांच्या बरोबर दक्षिणेला. मी पाटी उचलून खांबाला लावून धरली. तिची सावली जमिनीवरून लांब जाऊन पहिल्या पत्र्यावर पडली, व्यवस्थित, चौकोनी. भावाने आत जाऊन ओरडून सांगितलं, "पडला!" मी पाटी खाली केली. "चढला!" वर केली. "पडला!"

"हिला झालंय तरी काय?" काकींनी विचारलं.

"कलेक्टर कवाईत करत्यात," आई म्हणाली.

भावाने मोबाईलवरून त्याच्या एका मित्राला विचारलं, त्यासाठी वळणावरच्या दगडापर्यंत धावत गेला आणि धावत आला. पत्रे एका ओळीत जोडलेले असतात. एकावर सावली पडली की सगळी ओळ रेंगाळते. चार बैलांच्या औतात एक खाली बसला की बाकीचे तीन तरी काय ओढणार. माझ्या पाटीने पहिला बैल रोज सकाळी खाली बसवला होता. आणि सूर्य जसजसा कलत गेला तसतशी तिची सावली लांब होत गेली, आणि मी टीव्ही बंद केला, मिक्सर बंद केला, लोकांना वेल्ह्याला पाठवलं. वाडीतले सगळे मोबाईल एकदम लावले तरी मिक्सरच्या चटणीएवढीही वीज जात नाही, हेही भावाने तिथल्या तिथे हिशोब करून सांगितलं. मी वही उघडली नाही.

आई हसायला लागली. ती इतकी हसली की धाप लागली, आणि काकी "पानी द्या, पानी द्या" करत तिची पाठ चोळायला लागल्या. मी धावत जाऊन तिच्या बोटाला चिमटा लावला. आकडा थोडा खाली आला होता. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. ती नळीतून हळूहळू श्वास घेत राहिली आणि आकडा चढत चढत जागेवर आला. मग तिने चिमटा काढून माझ्या हातात दिला.

"कलेक्टरला सावलीचा दंड कर म्हनावं शेळीला," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली, या वेळी बेताने.

भावाने त्या दिवशी गाडी नेली नाही, किंक्रांत होती. दुसऱ्या दिवशीही नेली नाही. बॅटरी दोन्ही संध्याकाळी भरली, हे त्याने स्वतः पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो एकटा उतरला. जाताना मला म्हणाला, "पावसाळ्यात काय करणार? तेव्हा ऊनच नसतं." मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पावसाचं मिरगात बघू." पावसाळ्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. जनरेटर, जास्तीच्या बॅटऱ्या, की तेवढे महिने भोरला माझ्या खोलीवर, यांची चौकशी चालू आहे. आईपुढे तिसऱ्याचं नाव मी काढलेलं नाही.

पाटी आता कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे, अक्षरं आतल्या बाजूला. कोंबड्या मोबाईल चार्ज करत नाहीत. वाडी परत आली. पहिले काही दिवस बायका मोबाईल पदराखालीच ठेवायच्या आणि आई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काड, काड, आता कलेक्टरची बदली झालीया." संक्रांतीचे लाडू रथसप्तमीच्या आत संपले.

राहिला खांब. पाटी गेली तरी त्याची काठीएवढी सावली सकाळी पत्र्यांवरून सरकत जाते, तेवढा वेळ आकडा पडतो. तो काढायलाच हवा. पण मी तो शाळेच्या फाटकासारखा गाडला आहे. मी एकदा फावडं घेऊन गेले आणि फावड्याचा दांडा मोडला. त्याला पहार पाहिजे, आणि वाडीत पहार एकच, काकींची.

काकी रोज येतात. शेळी खांबाला बांधतात, म्हणजे तिच्याकडे बघावं लागत नाही आणि निवांत बसता येतं. त्यांचा म्हातारा मोबाईल पट्टीला लागतो. मी पहार मागते.

"देते की," काकी खाटेवर मांडी घालत म्हणतात. "आदी च्या टाक."

आई माझ्याकडे बघतही नाही. "दोन कप," ती म्हणते, "आन साखर जरा बरी घाल."